आगोटीची वही



मे महिना अर्धा सरला की आपल्या रायगडात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "आगोटीचं भरलंत का?" आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. आगोटीचं भरणं म्हणजे पुढचे चार महिने पुरेल एवढं धान्य, कडधान्य, मसाला, सुकी मासळी, कांदे, पापड घरात आणून ठेवणं. बाकी महाराष्ट्रात याला पावसाळ्याची बेगमी म्हणतात. शब्द वेगळा, काळजी तीच.

आजचा लेख घरच्या कोठीबद्दल आहे. कोठी म्हणजे आता वेगळी खोली कुणाकडे नसते. दोन फळ्या, एक कपाट आणि ओट्याखालची जागा, एवढीच आपली कोठी. ती कमी पैशात कशी लावायची, आणि लावताना मुलांना काय काय शिकवता येतं, ते मी माझ्या अनुभवातून सांगणार आहे.

मोबाईलवर हल्ली कोठी लावण्याचे व्हिडिओ येतात. एकसारख्या काचेच्या बरण्या, लाकडी झाकणं, छापील लेबलं. बघायला छान वाटतं. पण त्यातल्या एका बरणीच्या किमतीत किलोभर डाळ येते, आणि ते व्हिडिओ काढणाऱ्यांच्या गावात पाऊस किती पडतो ते ते सांगत नाहीत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलैमध्ये लाकडी झाकणाला बुरशी धरते, मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. म्हणून आपल्याकडे कोठी लावायची ती ओलीच्या हिशेबाने लावायची. ती दिसते कशी, हे नंतर बघता येईल.

मी पेणला राहते आणि रोहा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी दिव्याहून येणारी गाडी पकडायची, कासू, नागोठणे करत रोह्याला उतरायचं, पुढे रिक्षा. घरात आम्ही चार माणसं: मी, आमचे हे, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. २०२३ च्या फेब्रुवारीत ह्यांचं एका कारखान्यातलं कंत्राटी काम संपलं, ते पुढे आठ महिने काही मिळालं नाही. एक पगार, घराचा हप्ता, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं. हप्ता कमी होत नाही, औषधं कमी करता येत नाहीत. कात्री लावायची तर किराण्यालाच. पण किराण्यावर नेमका खर्च कुठे होतो हे कळल्याशिवाय कात्री लावायची तरी कुठे?

शाळेत आपण सगळेच पोषण आहाराचा साठा लिहितो. आरंभीची शिल्लक, आवक, खर्च, अखेरची शिल्लक. पहिली ते पाचवीला मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आज २८ मुलं हजर, म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम. हे आपल्याला झोपेतसुद्धा पाठ असतं. मग मी एक दोनशेपानी वही घेतली आणि घरासाठी तेच चार रकाने आखले. ह्यांनी विचारलं, "घरीपण तपासणी येणार आहे का?" मी म्हटलं, हो, दर महिन्याच्या तीस तारखेला.

पहिल्या आठवड्यात काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. तांदूळ आठवड्याला साडेतीन किलो, म्हणजे महिन्याला पंधरा. तूरडाळ महिन्याला तीन किलो. साखर तीन, गूळ एक, पोहे दीड, शेंगदाणे एक. चहा पावडर साडेसातशे ग्रॅम. (हा आकडा पाहून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, पण कुणी कबूल झालं नाही.) या आकड्यांवरून पावसाळ्याचा आकडा आपोआप निघतो. तांदूळ चार महिन्यांना साठ किलो, तूरडाळ बारा. कुठलंही कपाट आवरण्याआधी हा आठवडा घालवा, असं मी आग्रहाने सांगेन. डबे किती आणि केवढे लागणार, ते यातूनच ठरतं. लोक उलटं करतात, आधी डबे आणतात आणि मग ते भरायला सामान.

आमचे सगळे मिळून ११७० रुपये लागले. तेलाचे पंधरा किलोवाले रिकामे डबे वड्या-भजीच्या गाडीवाल्याकडून १२० ला एक याप्रमाणे पाच घेतले. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून त्यांना घट्ट बसणारी झाकणं करून घेतली, त्याने एका डब्याला ४० रुपये घेतले. सुताराकडून उरलेल्या लाकडाच्या दोन फळ्या ३०० ला. कागदी चिकटपट्टी आणि मार्कर ७० रुपये. बाकी छोट्या बरण्या घरातच होत्या: लोणच्याच्या, फरसाणच्या, कॉफीच्या. सासूबाईंची चिनी मातीची मोठी बरणी माळ्यावर होती, ती मसाल्यासाठी खाली आली.

तेलाचा डबा धुण्याबद्दल दोन शब्द, कारण यात आळस केला तर धान्याला खवट वास लागतो. आधी कोरड्या राखेने किंवा कोंड्याने आतून पुसून तेल शोषून घ्यायचं, मग कढत पाणी आणि सोडा, दोनदा. नंतर दोन दिवस कडक उन्हात उपडा, एक दिवस उताणा. नाक घालून बघायचं. वास आला तर पुन्हा.

इथे एक गोष्ट रोहेकरांसाठी मुद्दाम लिहिते. धाटावला औद्योगिक वसाहत आहे, आणि रसायनांची रिकामी निळी पिंपं भंगारात स्वस्त मिळतात. झाकण घट्ट, पिंप दणकट, दोनशे लिटरचं. पाण्यालाही वापरतात आणि भाताला, तांदळालाही वापरतात. कृपा करून वापरू नका. आधी त्यात काय होतं ते कळायला मार्ग नसतो, आणि प्लास्टिकने जे शोषून घेतलेलं असतं ते कितीही घासलं तरी सगळं निघत नाही. त्याच रांगेतली दुसरी गोष्ट म्हणजे धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात माणसं दगावतात. मोठ्या गोदामात प्रशिक्षित माणसं त्या वापरतात. घरात, जिथे मुलं झोपतात तिथे, त्यांना जागा नाही. पालकसभेत हे दरवर्षी एकदा तरी बोला.

मग कीड लागू नये म्हणून करायचं काय? याचं उत्तर सासूबाईंकडे होतं, आणि त्यामागचं कारण पाचवीच्या परिसर अभ्यासात शिकवण्यासारखं आहे. टोके किंवा भुंगेरे काही डब्यात आपोआप तयार होत नाहीत. बऱ्याचदा शेतात, गिरणीत किंवा दुकानाच्या पोत्यातच मादीने दाण्यात अंडी घातलेली असतात. ऊब आणि दमटपणा मिळाला की ती फुटतात. धान्यात ओल १२-१३ टक्क्यांच्या वर गेली की त्यांची चंगळ आणि बुरशीचीही. म्हणून मे महिन्यातलं कडक ऊन हे आपलं सगळ्यात स्वस्त औषध. डाळ, कडधान्यं दोन दिवस गच्चीवर चादरीवर पातळ पसरायची आणि मधे हात फिरवायचा. तांदूळ मात्र उन्हात तडकतो आणि मग भात मोडतो, म्हणून तो सावलीत वाऱ्यावर घालायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरायच्या आधी धान्य रात्रभर घरात निवू द्यायचं. ऊन-ऊन धान्य डब्यात कोंडलं की आतली वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि वरचा थर आधी कुजतो. वर्गात हे दाखवायचं असेल तर गरम भाताच्या डब्याचं झाकण पाच मिनिटांनी उघडून दाखवा. बाष्पीभवन आणि संघनन दोन्ही तिथेच आहेत.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, डबा गळ्यापर्यंत भर, अर्धा ठेवू नको." त्यालाही कारण आहे. रिकामी जागा म्हणजे दमट हवा. भरलेल्या डब्यात हवा कमी, किड्यालाही कमी. तूरडाळीला एरंडेलाचा हात, किलोला चमचाभर, हलक्या हाताने चोळून. कडव्या वालांना चाळलेली राख. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला, काही घरांत बिब्बे. मसाल्याच्या बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे. बोरिक पावडर मात्र आम्ही बंद केली. धुताना सगळी जाते याची खात्री कोण देणार?

मोठे डबे फळीवर, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून मूठभर लांब. पावसाळ्यात भिंतीला ओल फुटते आणि पत्रा तिथेच आधी गंजतो. मोठा डबा आठवड्यातून एकदाच, पाऊस नसलेल्या वेळी, कोरड्या हाताने उघडायचा आणि आठवड्याचं सामान छोट्या डब्यात काढायचं. या एका सवयीने जेवढं वाचलं तेवढं कुठल्याच बरणीने वाचवलं नसतं. आणखी एक फायदा झाला. आठवड्याचा डबा रविवारी भरायचा, तर शुक्रवारी तळ दिसला की सगळ्यांना आपोआप कळतं.

काय भरायचं आणि काय नाही, यात मात्र डोकं चालवायला हवं. जुन्या घरांत चार महिन्यांचं सगळं भरायचे, कारण नद्यांना पूर आला की वाटा बंद व्हायच्या. शिवाय ते तांदूळ नाही, भात साठवायचे. कणगीत किंवा पेंढ्याच्या मुड्यात. टरफलासकट दाणा सुरक्षित राहतो, लागेल तसा कांडायचा. आपण गिरणीतून आलेला पांढरा तांदूळ घेतो, तो तितका टिकाऊ नाही. आता दुकान कोपऱ्यावर आहे. त्यामुळे रवा, बेसन, मैदा एका महिन्याच्या वर भरू नका, रवा तर भाजूनच ठेवा. शेंगदाणे पावसात खवट होतात. तेल दोन महिन्यांचं पुरे. गहू हवा तर ठेवा, पण पीठ एका वेळी पाच किलोच. उलट तूरडाळ, वाल, चवळी, चिंच, कोकम, मसाला, पापड आणि जाडं मीठ हे भरून ठेवण्यासारखं आहे.

आणि ते कधी घ्यायचं? इथे आपला जिल्हा फार सोयीचा आहे. भात कापून झाला की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारीच्या थंडीत त्याच्या कोवळ्या शेंगांची भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी लागते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सुका वाल बाजारात येतो. तेव्हा घेतलेला वाल आणि श्रावणात बिरड्यासाठी धावत जाऊन घेतलेला वाल यांच्या भावात किती फरक पडतो, ते तुमच्या वहीत दोन वर्षं लिहा, तुम्हालाच दिसेल. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्यात माळांनी मिळतो, वडखळवरून अलिबागकडे वळलं की रस्त्याला लटकलेलाच असतो. माळ हवेशीर जागी टांगली की कांदे एकमेकांना घासत नाहीत आणि सडत नाहीत. जागाही फुकट, छताची. पेणचे पोह्याचे पापड, मिरगुंडं उन्हाळ्यातच करून सुकवायची असतात. मिरची मार्च-एप्रिलमध्ये घेऊन डंकावर मसाला कुटून आणायचा. म्हणजे सगळा खर्च एकट्या मे महिन्यावर येत नाही. फेब्रुवारीत वाल, एप्रिलमध्ये मसाला, मेमध्ये डाळ आणि तांदूळ. पगारदार घराला हे झेपतं. मी वर्षाचं एक पानच केलं आहे, बारा महिन्यांच्या बारा ओळी. त्यात ऑगस्टपुढे "गणपतीचा डबा" असं लिहिलं आहे. तांदळाची पिठी, गूळ, खसखस, वेलची. जूनपासून दर महिन्याला थोडं थोडं त्या डब्यात पडतं, कारण गणपतीच्या आठवड्यात आमच्या पेणमध्ये खर्चाला दुसरे शंभर पाय फुटतात.

आता वर्गाकडे येते.

लेबलं मुलीकडून लिहून घेतली, तेव्हा शुद्धलेखनाचा एक अख्खा धडा फळीवर उभा राहिला. गूळ, पण गुळाचा डबा. मीठ, पण मिठाची बरणी. मूग, पण मुगाची डाळ. तूर, तुरीची. पीठ, पिठाचा. तूप, तुपाचं. दूध, दुधाचं. शब्दाच्या शेवटून दुसरं अक्षर मुळात दीर्घ, आणि विभक्ती लागताना सामान्यरूप झालं की ऱ्हस्व. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम वाचून मुलं जांभया देतात. शाळेत मी त्यांना "घरच्या पाच डब्यांची नावं दोन प्रकारे लिहून आणा" एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "बाई, मग गीत, गीताचा कसं?" तत्सम शब्दांना हा नियम लागत नाही, हे तेव्हा सांगितलं आणि ते लक्षातही राहिलं, कारण प्रश्न त्यांचा होता.

मापांचंही तसंच. सासूबाईंकडे पितळेचं मापटं आहे, अजून तांदूळ त्यानेच काढतात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. पायलीत चिपटी किती, हे मुलांनी बोटांवर दुप्पट करत काढलं: दोन, चार, आठ, सोळा. एवढी पाच मापं हाताशी असली की चिपट्यापासून पायलीपर्यंत कुठलंही मोजणं जमतं. पायलीच्या पुढे मात्र मणाचा हिशेब गावागावांत बदलतो, तिथे वाद घालू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं, हे मी वर्गात सांगतेच. रोह्याच्या मुलांना हिशेबाची भीती वाटणं बरं दिसत नाही.

सगळ्यात जास्त रंगला तो पुड्यांचा तास. मी मुलांना घरी येणाऱ्या किराण्याची रिकामी पाकिटं आणायला सांगितली. चहाची, धणेपुडीची, हळदीची, तेलाची. वजन आणि किंमत वाचायची, आणि किलोचा भाव काढायचा. १० रुपयांत ४० ग्रॅम, तर किलोला किती? अडीचशे. तीच वस्तू मोठ्या पाकिटात ५०० ग्रॅम ९० रुपये, तर किलोला १८०. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिल्यावर वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण आमच्याकडे रोज दहाच रुपये असतात."

शिक्षक मित्रांनो, या वाक्यापुढे माझं पुढचं गणित मी त्या दिवशी फळ्यावर घेतलं नाही. आपण कोठीच्या गोष्टी सांगतो तेव्हा गृहीत धरतो की मे महिन्यात हातात एकरकमी पैसे आहेत. आमच्या शाळेत कातकरी वाडीवरची मुलं आहेत. त्यांचे आई-वडील दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. येताना बऱ्याचदा अंगावर उचल असते. बाकीच्या घरांत रोजंदारी. रोज संध्याकाळी मजुरी मिळाली की तेल, चहा, मसाला पुडीने. त्यांना हिशेब कळत नाही असं मुळीच नाही. किलोला सत्तर रुपये जास्त जातात हे त्या माउलीला माहीत असतं, तिच्याकडे नव्वद रुपये एका वेळी नसतात.

(मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असंही मुलांना शिकवू नका. आमच्याच पाकिटांत बिस्किटाचा एक छोटा पुडा मोठ्याइतक्याच भावाचा निघाला. शिवाय जास्त घेऊन नासलं तर? २५ किलोचं पोतं ५५ च्या भावाने घेतलं, सुटा भाव ६०, तर १२५ रुपये वाचले. त्यातले ३ किलो किड्याने गेले की १६५ गेले. हे उदाहरण मी नंतर पाचवीला घातलं, बहुतेकांनी बरोबर सोडवलं.)

पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा उपाय मी सुचवला नाही, आयांनीच काढला. सहा जणींनी जानेवारीपासून आठवड्याला पन्नास रुपये बाजूला टाकले. वीस आठवड्यांत सहा हजार. त्यातून मेमध्ये तूरडाळ, मिरची आणि तेल ठोक घेतलं आणि शाळेच्या ओट्यावर वजनकाट्याने वाटून घेतलं. वाटणीचा हिशेब चौथीच्या मुलांनी लिहिला. अर्धा किलो डाळीचा फरक आला, तो कुणाच्या पिशवीत गेला यावर बराच आवाज झाला, मग पुन्हा सगळं वजन केलं. भट्टीवर गेलेल्या घरांना मात्र यात येता आलं नाही, कारण जानेवारीत ती इथे नव्हतीच. याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या शाळेत कुणी काही केलं असेल तर जरूर कळवा.

साठवण्याचा प्रश्न त्या घरांपर्यंत वेगळ्याच वाटेने पोचला. २०२५ च्या पावसाळ्याआधी केंद्र सरकारने जून ते ऑगस्ट अशा तीन महिन्यांचं रेशन आगाऊ वाटायला सांगितलं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे पाच माणसांच्या घरात एकदम ७५ किलो. अंत्योदय कार्ड असेल तर ३५ तिप्पट १०५. पुरात वाटा बंद होण्याआधी धान्य घरात पोचावं, हा हेतू चांगलाच आहे. पण कुडाच्या भिंती, वर कौलं किंवा प्लास्टिक, खाली सारवलेली जमीन, आणि कोपऱ्यात ७५ किलो धान्य गोणीत! गोणी जमिनीची ओल पाण्यासारखी पिते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत आलं, तेव्हा रोह्याकडेही पत्रे आणि कौलं उडाली, घरातलं धान्य भिजलं आणि कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रीज असलेल्या घरांतही सुकं धान्य, सुके बोंबील आणि कांद्याची माळ यांच्यावरच दिवस निघाले. ते आठवून आम्ही शिक्षकांनी त्या आठवड्यात तेलाचे रिकामे डबे गोळा केले. हॉटेलवाल्यांनी काही तसेच दिले, काही विकत घेतले. झाकणाची वर्गणी आम्ही काढली. सतरा डबे झाले. शाळेच्या पटांगणात मुलांनी ते राखेने घासले आणि उन्हात उपडे घातले.

एका डब्यात तांदूळ साधारण तेरा-चौदा किलो मावतो. म्हणजे पंचाहत्तर किलोला सहा डबे लागणार, आणि आमच्याकडे घरागणिक दोन-तीनच. मग ठरलं की तांदूळ जमेल तेवढा डब्यात, गहू गोणीतच, पण दगडांवर लाकडं टाकून त्या मचाणावर, वर प्लास्टिक आणि भिंतीला न टेकवता. ज्या घरांतली मुलं चौथी-पाचवीत आहेत त्यांना एकेक जुनी वही दिली, तेच चार रकाने आखून. रोज नाही, दर शनिवारी लिहायचं. सात जणांनी घेतली. तीन वह्या पहिल्याच पावसात भिजल्या, एक लहान भावाने फाडली. तीन शेवटपर्यंत चालल्या.

त्यातली एक त्याच मागच्या बाकावरच्या मुलीची. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तिने नोंद केली, "अखेर शिल्लक : तांदूळ ४ किलो, गहू १९ किलो." एवढा गहू कसा उरला म्हणून मी खालची ओळ वाचली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "गिरणी लांब आहे. पावसात पीठ भिजतं." पिठातला 'पि' तिने दीर्घ काढून मग खोडून ऱ्हस्व केला होता आणि नंतर पुन्हा दीर्घ केला होता. "पीठ भिजतं" इथे तो दीर्घच हवा.